मिठातलं प्लास्टिक : घाबरायचं की आकडे नीट वाचायचे?



मागच्या पालकसभेनंतर चौथीतल्या एका मुलाची आई थांबली. प्रगतीपुस्तकाबद्दल काही विचारायचं असेल असं मला वाटलं. पण तिने मोबाईल पुढे केला. 'भारतातल्या प्रत्येक मिठात प्लास्टिक!' अशी बातमी होती, खाली लाल अक्षरांत 'आजच पांढरं मीठ बंद करा'. ती म्हणाली, "बाई, हे खरं आहे का? मी तर घरातलं पाकिटातलं मीठ बंदच केलंय. आता फक्त सैंधव आणते." तिला पाचवा महिना होता, म्हणून मी जरा दचकलेच.

बातमी खोटी नव्हती. अभ्यास खरा होता. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष तिच्या पोटातल्या बाळासाठी धोक्याचा ठरू शकत होता. असं का, ते आज सविस्तर पाहू. विज्ञानाच्या तासाला 'संशोधन कसं वाचावं' हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

अभ्यासात नेमकं काय सापडलं?

ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या 'टॉक्सिक्स लिंक' या संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांनी बाजारातून आणि ऑनलाइन मिठाचे १० आणि साखरेचे ५ नमुने विकत घेतले. सगळ्याच नमुन्यांत सूक्ष्म प्लास्टिक सापडलं. (५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या कणाला सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात.) मिठात किलोमागे साधारण ६.७० ते ८९.१५ कण होते. सर्वांत जास्त कण आयोडीनयुक्त मिठाच्या नमुन्यात आणि सर्वांत कमी सेंद्रिय सैंधवात.

झालं! या शेवटच्या वाक्यावरूनच 'सैंधव खा' हा संदेश फिरू लागला.

आता जरा थांबून विचार करा. सैंधव म्हणजे जमिनीतून खणून काढलेलं मीठ. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं. त्या काळी प्लास्टिक होतं का? नव्हतं. मग त्यात सहा-सात कण तरी कुठून आले? म्हणजे काही प्लास्टिक समुद्रातून नाही, तर दळताना, गोणीतून, पाकिटातून, हवेतून येत असणार. दुसरं म्हणजे नमुने एकूण दहाच, तेही चार प्रकारांत विभागलेले. एवढ्यावरून 'मिठात प्लास्टिक आहे' हे म्हणता येतं; 'अमुक प्रकारचं मीठ नेहमीच जास्त वाईट' हे म्हणता येत नाही. वर्गातल्या दोन मुलांची उंची मोजून आपण अख्ख्या तालुक्यातल्या मुलांची उंची सांगत नाही, तसंच हे.

मिठागरात जाऊन बघू

आपल्या वसईकर मुलांना हे समजावणं सोपं आहे. भाईंदर सोडून गाडी खाडीचा पूल ओलांडते तेव्हा खिडकीतून मिठागरं दिसतात. पलीकडे नायगाव, जूचंद्र. कित्येक मुलांच्या आजी-आजोबांनी मिठागरात काम केलेलं आहे. 'आगरी' या शब्दातच 'आगर' आहे.

मिठागरात काय करतात? उधाणाचं पाणी आत घेतात, बांध घालून अडवतात, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडत उन्हात आटवत नेतात. पाणी वाफ होऊन जातं, मीठ खाली बसतं. आता गणित करा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे एक किलो मिठासाठी किमान ३० लिटर पाणी आटवावं लागतं. पाणी उडून जातं, प्लास्टिक उडून जात नाही. ३० लिटरमधले कण एका किलोत गोळा होतात. आणि वसईच्या खाडीत उल्हास नदी येते ती वाटेतली कितीतरी शहरं आणि कारखाने पार करून. खाडीत आपण जे टाकतो, ते असं फिरून आपल्या ताटात येतं. एवढं मुलांना कळलं तरी पर्यावरणाचा अर्धा धडा झाला.

पवईतला अभ्यास आणि वाळूचा उपाय

टॉक्सिक्स लिंकच्या आधी, २०१८ मध्ये, आपल्या शेजारच्या आयआयटी मुंबईतल्या अमृतांशु श्रीवास्तव आणि चंदन कृष्ण सेठ यांनी भारतीय समुद्री मिठावर अभ्यास केला होता. त्यांनी कण मोजले आणि वजनही काढलं : किलोमागे सरासरी ६३.७६ मायक्रोग्रॅम प्लास्टिक. (एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.) दिवसाला ५ ग्रॅम मीठ खाल्लं तर वर्षाला साधारण ११७ मायक्रोग्रॅम प्लास्टिक पोटात जाईल, असा त्यांचा अंदाज होता.

मला या अभ्यासातला पुढचा भाग जास्त आवडतो, कारण तो उपाय सांगतो. समुद्राचं पाणी आटवण्याआधी साध्या वाळूच्या थरातून गाळलं तर वजनाने ८५ टक्क्यांहून जास्त प्लास्टिक अडतं, असं त्यांना प्रयोगात दिसलं. म्हणजे प्रश्न ग्राहकाच्या स्वयंपाकघरात न सोडवता मिठागराच्या तोंडाशीच बराचसा सोडवता येईल. बातम्यांमध्ये हा भाग मात्र क्वचितच येतो.

आकड्यांची तुलना जपून करा

ही गणितं सातवी-आठवीच्या मुलांकडून करून घ्या.

रोज ५ ग्रॅम, म्हणजे वर्षाला १.८२५ किलो मीठ. सर्वांत जास्त कणांचं मीठ धरलं तर १.८२५ × ८९.१५ = वर्षाला सुमारे १६३ कण. सर्वांत कमीचं धरलं तर सुमारे १२ कण.

आता दुसरे अभ्यास बघा. २०२० मध्ये आयआयटी खरगपूरच्या सुधा गोयल आणि सहकाऱ्यांनी कागदी कप तपासले. या कपांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवल्यावर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या अभ्यासात बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी २,४०,००० कण मोजले गेले.

वर्षभराच्या मिठात १६३ आणि स्टेशनवरच्या एका चहात २५,०००? लगेच टाळ्या वाजवू नका. इथे एक मेख आहे. प्रत्येक अभ्यासाची चाळणी वेगळी. टॉक्सिक्स लिंकने ०.१ ते ५ मिलिमीटरचे कण मोजले. कोलंबियाच्या कणांपैकी सुमारे ९० टक्के नॅनो आकाराचे होते, म्हणजे एका मायक्रोमीटरपेक्षाही लहान. जाळं मोठ्या भोकांचं असेल तर त्यात बोंबील येतील, जवळा निसटून जाईल. म्हणून समुद्रात जवळा नाहीच असं कोळी म्हणेल का? तेव्हा हे आकडे एकमेकांसमोर थेट ठेवता येत नाहीत. त्यातून एवढंच घ्यायचं : मीठ हा अनेक वाटांपैकी एक आहे, एकटं मीठ बदलून प्लास्टिक थांबत नाही.

पण याने अपाय होतो का?

पालकांचा खरा प्रश्न हाच. याचं उत्तर अजून पूर्ण झालेलं नाही. मार्च २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला. मानेतल्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया झालेल्या २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या रक्तवाहिनीतल्या थरात पॉलिथिन सापडलं. पुढच्या सुमारे ३४ महिन्यांत, ज्यांच्यात प्लास्टिक होतं त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांची जोखीम सुमारे साडेचार पट दिसली.

आकडा गंभीर आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण 'दोन गोष्टी एकत्र दिसल्या' आणि 'एकीमुळे दुसरी झाली' यात फरक असतो. पावसाळ्यात छत्र्याही वाढतात आणि मलेरियाही वाढतो. छत्रीने मलेरिया होत नाही. प्लास्टिक जास्त असणाऱ्यांचं खाणं, काम, राहण्याची जागा यातही फरक असू शकतो. हे कार्यकारण सिद्ध झालेलं नाही, असं त्या संशोधकांनी स्वतःच म्हटलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या सूक्ष्म प्लास्टिकबद्दलही हेच सांगितलं : सध्याच्या प्रमाणात धोका दिसत नाही, पण माहिती अपुरी आहे, अधिक संशोधन हवं.

आणि आयोडीन?

आता त्या आईकडे परत येऊ. प्लास्टिकच्या बाबतीत 'कदाचित' आहे. आयोडीनच्या बाबतीत 'कदाचित' नाही.

१९५६ मध्ये हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी एक मोठा अभ्यास सुरू केला. तिथे गलगंड घरोघरी होता. खोऱ्याच्या दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ दिलं, तिसऱ्या भागाला साधं. काही वर्षांनी आयोडीनवाल्या भागांत गलगंड स्पष्टपणे घटला, साध्या मिठाच्या भागात तसं झालं नाही. मग त्या भागालाही आयोडीनचं मीठ दिलं. तुलनेसाठी गट ठेवला होता, म्हणूनच हा पुरावा पक्का. देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये आला, त्यामागे हेच काम होतं.

आयोडीनच्या कमतरतेने फक्त गळा सुजत नाही. गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ते नुकसान नंतर भरून येत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला २५०. "आम्ही समुद्राकाठचे, मासे खातो, आम्हाला काय कमी?" असं आपल्याकडे बरेच जण म्हणतात. मासळीत आयोडीन असतं हे खरं, पण नुसत्या समुद्री मिठात ते फारच थोडं असतं, मुद्दाम घालावं लागतं. आणि देशात पाहणी झालेल्या ४१४ जिल्ह्यांपैकी ३३७ जिल्ह्यांत आयोडीनच्या कमतरतेचे विकार आढळले आहेत. हा फक्त डोंगराळ भागाचा प्रश्न राहिलेला नाही.

आता शेवटचं गणित. नियमानुसार ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन हवं. ५ ग्रॅममध्ये झाले ७५ मायक्रोग्रॅम, रोज. आयआयटीच्या अंदाजानुसार प्लास्टिक ११७ मायक्रोग्रॅम, वर्षाला. म्हणजे वर्षभरात जेवढं प्लास्टिक येतं, तेवढं आयोडीन दोन दिवसांत मिळतं. अजून पुरता न कळलेला धोका थोडा कमी करण्यासाठी पक्की माहीत असलेली ढाल फेकून द्यायची का?

मग घरी काय करायचं?

• मीठ आयोडीनयुक्तच घ्या. सैंधव आवडत असेल तर पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलंय का ते पाहा. 'नैसर्गिक', 'सेंद्रिय' हे शब्द वाचून भुलू नका.
• मिठाचं एकूण प्रमाण कमी करा. दिवसाला एक सपाट चमचा, ५ ग्रॅमच्या आत. पापड, लोणचं, वेफर्स यांतलं मीठही त्यात धरा. रक्तदाबाला फायदा आणि प्लास्टिकही कमी.
• गरम पदार्थ प्लास्टिकमध्ये किंवा कागदी कपात नको. डब्याला आणि पाण्याला स्टील बरं.
• पाणी उकळून, थंड करून, गाळून घ्या. २०२४ मध्ये चीनमधल्या ग्वांगझू इथल्या संशोधकांनी दाखवलं की जड, म्हणजे पुस्तकातलं दुष्फेन पाणी पाच मिनिटं उकळलं की त्यातला चुना खाली बसताना प्लास्टिकचे कण आपल्यात अडकवून घेतो. खूप जड पाण्यात ९० टक्क्यांपर्यंत, हलक्या पाण्यात सुमारे २५ टक्के. आपल्याकडे बोअर आणि टँकरच्या पाण्याने भांड्याला पांढरा थर धरतो, तोच हा चुना. म्हणून वरचं पाणी गाळून घ्यायचं, तळाचं टाकायचं.

वर्गात करून पाहा

१. दोन ग्लास स्वच्छ पाणी घ्या. एकात दोन चमचे मीठ विरघळवा, दुसरा तसाच ठेवा. दोन्ही वेगवेगळ्या गाळणकागदांतून गाळा आणि भिंगातून पाहा. दुसऱ्या कागदावरही तंतू दिसले तर ते मिठातले नाहीत; हवेतले, आपल्या कपड्यांचे आहेत. तुलनेचा ग्लास का ठेवायचा, हे मुलं इथे आयुष्यभरासाठी शिकतात.

२. बटाट्याच्या कापावर मीठ टाका, मिनिटभर थांबा, वर लिंबाचे दोन थेंब पिळा. मीठ आयोडीनयुक्त असेल तर निळा रंग येतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दिलेली ही घरगुती चाचणी आहे. हाच निळा रंग दाखवून 'मिठात विष' असे व्हिडिओही फिरतात. मुलांना त्यामागचं स्टार्च आणि आयोडीन नक्की सांगा.

३. एखादी आरोग्याची बातमी फळ्यावर लिहा आणि पाच प्रश्न विचारा : नमुने किती? मोजलं काय? तुलना कशाशी? कारण सिद्ध झालं की नुसता संबंध दिसला? आणि सल्ला संशोधकाचा आहे की बातमी पुढे ढकलणाऱ्याचा?

त्या आईला मी एवढं सगळं सांगितलं नाही. बटाट्याची चाचणी सांगितली, बाळाच्या मेंदूबद्दल सांगितलं आणि डॉक्टरांना विचारायला सांगितलं. दोन दिवसांनी मुलगा वर्गात आला आणि मोठ्याने म्हणाला, "बाई, आमच्या सैंधवाने बटाटा निळा झालाच नाही! आईने जुनं मीठ परत आणलं."

तुमच्या वर्गात हे प्रयोग केलेत तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा.