घास अडतो? मानही तपासून घ्या

इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर विहारात रक्तदाब तपासणीचे शिबिर होते. रांगेतल्या एका मावशींचे वजन पाहून मी काटा पुन्हा तपासला. हाडे तेवढी उरली होती.

"मावशी, जेवता का नीट?"

"जेवते की. पण भाकरी खाली उतरंना. चहात चपाती बुडवून खाते. वय झालं आता, सिस्टर."

सून हळूच म्हणाली, "सहा महिने झाले, आमच्यासंगं जेवायला बसत नाहीत. चारचौघांत ठसका लागतो म्हणून लाजतात."

मावशींनी उमेदीची वीस वर्षे उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहिल्या. मान आखडलेली, पुढे झुकलेली. मान दुखते म्हणून त्या मलम चोळत होत्या आणि घास अडतो म्हणून जेवण कमी करत होत्या. या दोन दुखण्यांचा एकमेकांशी संबंध असू शकतो, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

मान आणि घसा

आपल्या मानेत 7 मणके असतात. घसा आणि अन्ननलिका या मणक्यांना पुढून अगदी लागून असतात. आपण घास गिळतो तेव्हा हनुवटीखालचे स्नायू स्वरयंत्र वर आणि पुढे ओढतात. श्वासनलिकेचे तोंड झाकले जाते, अन्ननलिकेचे दार उघडते आणि घास खाली जातो. हे सारे एखाद्या सेकंदात घडते. गळ्यावर बोट ठेवून थुंकी गिळून पाहा, घाटी वर सरकलेली कळेल.

मान आखडली, पुढे वाकली किंवा स्नायू अशक्त झाले, तर ही हालचाल अपुरी पडते. काही जणांच्या मणक्यांना पुढच्या बाजूने हाडाची वाढ होते आणि ती वाढ अन्ननलिकेवर दाब देते. मानेच्या मणक्याचे ऑपरेशन पुढून झाले असेल, तर सुरुवातीचे काही आठवडे गिळायला त्रास होतो. बहुतेकांचा तो हळूहळू कमी होतो. घशाच्या कर्करोगासाठी शेक घेतलेल्यांची मान आणि घसा कडक होतात. लकवा झालेल्यांनाही हा त्रास होतो.

आधी तपासणी, मग व्यायाम

हे मी ठासून सांगते. आपल्या वस्त्यांत मिश्री, तंबाखू, गुटखा घरोघर आहे. त्यामुळे घास अडणे हे घशाच्या किंवा अन्ननलिकेच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते. "मानेचं असेल" म्हणून घरीच व्यायाम करत बसू नका. पुढीलपैकी काहीही असेल, तर थांबू नका:

- आधी भाकरी, मग भात, मग पाणीही अडू लागले
- वजन उतरत चालले
- आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला, गळ्यात गाठ, तोंडात न भरणारी जखम
- थुंकीत रक्त
- जेवताना ठसका आणि वरचेवर ताप, खोकला
- हातांना मुंग्या, हातातली वस्तू सुटणे, चालताना तोल जाणे

अचानक गिळता येईनासे झाले, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर लगेच 108 ला फोन करा.

इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. मानेचा एक्स-रे, दुर्बिणीची तपासणी किंवा बेरियम पाजून काढलेला फोटो यांतून कारण कळते. गरज पडली तर ससूनला पाठवतात. "स्पीच थेरपिस्टकडे पाठवा" असेही विचारा. लोकांना वाटते ते फक्त बोलायला शिकवतात. गिळायला शिकवणे हेही त्यांचेच काम आहे.

व्यायाम कोणते?

अमेरिकेतले डॉ. रेझा शेकर यांनी 1997 साली एक व्यायाम मांडला. उताणे झोपायचे, खांदे जमिनीला टेकलेले ठेवायचे आणि फक्त डोके उचलून पायाची बोटे पाहायची. व्यायाम गुणाचा आहे, पण मानेचे मणके झिजलेल्या माणसाला तो झेपत नाही, उलट इजा करू शकतो. मोबाइलवर पाहून तो करू नका. मानेच्या रुग्णांना बसून करायचे सोपे व्यायाम असतात. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच ते सुरू करा.

1. टॉवेल दाबणे: खुर्चीवर ताठ बसा. टॉवेलची गुंडाळी हनुवटीखाली छातीवर धरा. हनुवटीने ती दाबून 10 आकडे मोजा, सोडा. असे तीनदा. मग 10 वेळा नुसते दाबा-सोडा. यातून घाटी वर ओढणारे स्नायू बळकट होतात.

2. जोर लावून गिळणे: तोंडातली थुंकी मोठा घास असल्यासारखी जोर लावून गिळा. 5 ते 10 वेळा, मध्ये विसावा घेत.

3. जीभ टाळूला दाबणे: पूर्ण जीभ टाळूवर दाबून 5 आकडे मोजा. असे 10 वेळा.

4. मान हलकी करणे: खांदे मागे घ्या. मान सावकाश डावीकडे, मग उजवीकडे वळवा. 5 वेळा. मान गोल फिरवू नका, झटका देऊ नका.

दिवसातून तीनदा, जेवणाआधी करा. श्वास रोखू नका. चक्कर, मुंग्या किंवा मानेत कळ आली तर थांबा. फरक पडायला साधारण दीड-दोन महिने लागतात. खरे तेही सांगते: व्यायामाने वाढलेले हाड विरघळत नाही. आजूबाजूचे स्नायू बळकट होतात आणि घासाला वाट मिळते. दाब फारच असेल, तर ऑपरेशनचा निर्णय डॉक्टर घेतात.

सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणे बंद करा. त्यात क्वचित मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन लकवा होऊ शकतो. मंत्र, अंगारा, दोरा यांनी घास खाली उतरत नाही, दिवस मात्र वाया जातात.

जेवताना

ताठ बसून जेवा. झोपलेल्या माणसाला भरवू नका. डोके मागे टाकून पाणी ओतू नका, त्याने पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. गिळताना हनुवटी किंचित खाली घेतल्याने काहींना सोपे जाते; आपल्याला चालते का, ते थेरपिस्टला विचारा. भाकरी आमटीत कुस्करा. मऊ भात, पातळ पिठले, घट्टसर आंबील बरी. पाण्याने ठसका लागत असेल तर लहान घोट घ्या. गोळ्या कुटून देण्याआधी डॉक्टरांना विचारा. जेवल्यावर अर्धा तास बसून राहा आणि तोंड स्वच्छ धुवा. तोंडातली घाण फुप्फुसात गेली तर न्यूमोनिया होतो.

मावशींच्या तपासणीत कर्करोग निघाला नाही, मणक्यांची झीज निघाली. सून रोज टॉवेल हातात देऊन समोर बसायची आणि आकडे मोजायची. दोन महिन्यांनी मी पुन्हा गेले. कोरडी भाकरी त्या अजून टाळतात, पण आमटीत कुस्करलेली भाकरी सगळ्यांच्या पंगतीला बसून खातात.

आपल्या घरात कोण एकटे, उशिरा, थोडेसेच जेवते, ते आज रात्री बघा. वय झाले म्हणून सोडून देऊ नका.

जयभीम.