वजन कोसळतं तेव्हा बेल्ट कामाला येत नाही

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजस्थानातल्या बिकानेरला सराव करताना एका १७ वर्षांच्या पॉवरलिफ्टरच्या मानेवर २७० किलोचा बार आला आणि तिचा मृत्यू झाला. राष्ट्रीय पातळीवर पदक मिळवलेली मुलगी होती ती. त्या प्रसंगाची चित्रफीत देशभर फिरली. अशा बातमीनंतर दोन मतं हमखास ऐकू येतात. एक घरच्या मोठ्यांचं: हा खेळच जीवघेणा, मुलांना त्यापासून लांब ठेवा. दुसरं जिममधल्या पोरांचं: चांगला बेल्ट आणि गुडघ्याचे रॅप्स असले की काही होत नाही. दोन्ही चुकीची आहेत. त्यातलं दुसरं मला जास्त घातक वाटतं, कारण ते धरून चालणारा माणूस स्वतः बारखाली उभा असतो.

पॉवरलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार असतात: स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट. स्क्वॉटमध्ये बार पाठीवर घेऊन इतकं खाली बसायचं की जांघेचा सांधा गुडघ्याच्या वरच्या पातळीखाली जायला हवा, आणि मग सरळ उभं राहायचं. पंचाच्या एका इशाऱ्यावर खाली जायचं, दुसऱ्या इशाऱ्यावर बार रॅकवर ठेवायचा. संधी तीन. हा खेळ म्हणजे ऑलिंपिकमधलं वेटलिफ्टिंग नव्हे. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

‘बेल्ट कंबर वाचवतो’

बेल्ट मणक्याला बाहेरून टेकू देतो, अशी समजूत सगळ्यात जास्त पसरलेली आहे. प्रत्यक्षात बेल्टचं काम पोटाशी आहे. लिफ्टर पोटात खोल श्वास भरतो, तो रोखून धरतो आणि पोटाचे स्नायू बेल्टवर दाबतो. बेल्ट उलट दाब देतो. पोटातला दाब वाढतो, धड ताठ राहतं आणि त्यामुळे जास्त वजन पेलता येतं. श्वास भरला नाही, पोट दाबलं नाही, तर तो कमरेभोवतीचा नुसता चामडी पट्टा.

‘जास्त वजन पेलता येतं’ हे शब्द नीट लक्षात घ्या. बेल्ट बांधून तुम्ही जुनंच वजन उचलत नाही, दहा-पंधरा किलो वाढवता. मग मणक्यावरचा भार कमी कसा होणार? अमेरिकेत दुकानांमध्ये माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या हजारो कामगारांचा मोठा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाठीला पट्टा बांधणाऱ्यांच्या पाठदुखीत काहीही घट दिसली नाही. कामगार आणि लिफ्टर यांचं काम वेगळं, हे मान्य. पण पट्टा बांधला म्हणजे पाठ सुरक्षित, या समजुतीला त्यातून कुठलाच आधार मिळत नाही.

श्वास रोखण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९८५ मध्ये संशोधकांनी अनुभवी बॉडीबिल्डरांच्या धमनीत सुई घालून व्यायाम चालू असतानाच रक्तदाब मोजला. दोन्ही पायांनी लेग प्रेस करताना सरासरी दाब ३२०/२५० पर्यंत गेला होता. निरोगी तरुण शरीर असा काही सेकंदांचा चढ सोसतं. पण ज्यांना उच्च रक्तदाब, हृदयाचा आजार किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जड स्क्वॉटच्या वाटेला जाऊ नये. हा धोका बेल्टने टळत नाही.

‘रॅप्स आणि सूट म्हणजे संरक्षक कवच’

मग नियमांच्या पुस्तकात या वस्तूंची मापं इतक्या काटेकोरपणे का दिलेली असतात? १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांनुसार बेल्ट जास्तीत जास्त १० सेंटिमीटर रुंद आणि १३ मिलिमीटर जाड. गुडघ्यावरची स्लीव्ह जास्तीत जास्त ७ मिलिमीटर जाड. गुडघ्याला गुंडाळायचा रॅप २ मीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद, त्याहून जास्त नाही. या वस्तू केवळ इजा टाळण्यासाठी असत्या, तर जाडीवर मर्यादा घालायचं कारणच नव्हतं. मर्यादा आहे, कारण जाडी वाढली की किलो वाढतात.

रॅप लवचिक असतो. खाली बसताना तो ताणला जातो, वर येताना आकसतो आणि गुडघा सरळ व्हायला मदत करतो. स्क्वॉट सूटचं तत्त्व तेच, फक्त मांड्या आणि कमरेभोवती. तो इतका घट्ट असतो की दुसऱ्याच्या मदतीशिवाय चढत नाही. म्हणूनच स्पर्धांचे दोन वेगळे विभाग आहेत. ‘क्लासिक’मध्ये बेल्ट, मनगटाच्या पट्ट्या आणि गुडघ्याच्या स्लीव्ह्ज एवढंच चालतं, ‘इक्विप्ड’मध्ये सूट आणि रॅप्स चालतात. दोन्हींचे विक्रमही वेगळे नोंदवले जातात.

स्लीव्ह गुडघा उबदार ठेवते, थोडा दाब देते, बसताना बरं वाटतं. तेवढ्यासाठी ती जरूर घालावी. पण नवशिक्याने घट्ट रॅप्स बांधून वजन वाढवत नेणं मला मान्य नाही. रॅप उसनी ताकद देतो, आणि त्या उसन्या ताकदीवर चढवलेलं वजन पाठीला, कमरेला, खांद्याला खरंखुरंच पेलावं लागतं. घट्ट रॅप गुडघ्याच्या वाटीलाही दाबून धरतो. म्हणून अनुभवी लिफ्टर तो बार घेण्याच्या जरा आधी बांधतात आणि बार रॅकवर ठेवल्या ठेवल्या सोडतात.

अमेरिकेच्या रे विल्यम्सने २०१९ मध्ये बेल्ट आणि स्लीव्ह्ज घालून ४९० किलोचा स्क्वॉट केला. पाय मध्येच सुटले असते, तर अंगावरची कुठली वस्तू ते ४९० किलो अडवणार होती? एकही नाही. अडवणारी साधनं शरीराबाहेर होती.

‘नाहीच जमलं तर बार मागे टाकून द्यायचा’

हा सल्ला वेटलिफ्टिंगमधून आलेला आहे आणि तिथे तो बरोबर आहे. तिथे प्लेट्स रबरी असतात, मागे मोकळी जागा असते. स्क्वॉट फसला की खेळाडू बार मागे सोडतो आणि पुढे उडी मारतो. पॉवरलिफ्टिंगच्या प्लेट्स पोलादी. बार खांद्यांच्या मागे जरा खाली, हातांनी आवळून धरलेला. मागे स्पॉटर, म्हणजे वजन फसलं तर बार धरणारा मदतनीस, उभा. तिथे बार सोडला तर तो स्पॉटरच्या पायावर जाईल. स्पर्धेत मुद्दाम बार टाकला तर प्रयत्नही बाद होतो.

शिवाय जड स्क्वॉट बहुतेक वेळा मागे नाही, पुढे फसतो. कंबर आधी वर येते, छाती खाली जाते, धड घडी घातल्यासारखं पुढे दुमडतं. मग पाठीवरचा बार उतारावरून मानेकडे सरकू लागतो. त्या क्षणी बारखाली दुसरं काही नसेल, तर सगळं वजन मानेवर. स्क्वॉटमधला खरा जीवघेणा धोका हा. गुडघा दुखणं आणि हे, यांची तुलनाच होऊ शकत नाही.

याला पहिलं उत्तर म्हणजे रॅकचे सेफ्टी आर्म, जिममध्ये ज्यांना नुसतं ‘सेफ्टी’ म्हणतात ते दोन आडवे लोखंडी दांडे. ते नुसते असून उपयोग नाही, ते योग्य उंचीवर हवेत. रिकामा बार घेऊन आपण जितकं खाली बसतो तितकं बसायचं आणि त्या वेळी बार जिथे येतो त्याच्या दोन-तीन बोटं खाली दांडे लावायचे. फार वर असतील तर प्रत्येक वेळी खाली बसताना बार आपटेल आणि वैतागून कुणीतरी ते काढूनच टाकेल. फार खाली असतील तर बार टेकेपर्यंत माणूस दुमडलेला असेल. उंची ठरली की हलक्या वजनावर एकदा मुद्दाम फसून पाहावं: खाली बसायचं, बार दांड्यांवर टेकवायचा, त्याखालून बाहेर यायचं. हे आधी शरीराला माहीत असेल तरच घाबरलेल्या क्षणी ते सुचतं.

दुसरं उत्तर स्पॉटर. महासंघाच्या स्पर्धेत मंचावर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच स्पॉटर असतात. बाजूचे स्पॉटर हात बारखाली धरून लिफ्टरबरोबर खाली-वर होतात, पण बारला स्पर्श करत नाहीत, कारण स्पर्श झाला की प्रयत्न बाद. फसल्याचं दिसताच दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बार धरावा लागतो. एका बाजूने आधी उचलला तर बार तिरपा होतो आणि सगळा पीळ लिफ्टरच्या पाठीला बसतो. स्पॉटरची चूक झाली आणि त्यात लिफ्टरचा दोष नसेल, तर त्याला पुन्हा संधी मिळू शकते. नियम त्या कामाला किती महत्त्व देतात हे त्यावरून कळतं.

आपल्याकडच्या जिममध्ये मात्र ‘मागे उभा राहा रे’ एवढ्यावर भागवलं जातं. मागचा एकटा मित्र छातीखाली हात घालून अडकलेल्याला थोडा रेटा देऊ शकतो. कोसळणारा दीडशे किलोचा बार तो धरू शकत नाही. त्या भरवशावर जड वजन घेऊ नये. सेफ्टी नसेल आणि दोन्ही बाजूंना माणसं नसतील, तर त्या दिवशी वजन कमी करणं एवढाच पर्याय उरतो.

‘खोल बसलं की गुडघे जातात’

जोर-बैठका काढून पैलवान घडवणाऱ्या महाराष्ट्रात हा समज इतका कसा रुजला, याचं मला नवल वाटतं. त्याचा एक उगम अमेरिकेत आहे. १९६१ मध्ये टेक्सासच्या कार्ल क्लाइन यांनी खोल स्क्वॉटमुळे गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात असा निष्कर्ष मांडला आणि अनेक ठिकाणी खोल स्क्वॉट बंद झाले. नंतरच्या संशोधनाने तो निष्कर्ष उचलून धरला नाही. १९८९ च्या एका अभ्यासात तर लिफ्टरांच्या गुडघ्यांची तपासणी केल्यावर स्क्वॉटमुळे सैलपणा आल्याचं आढळलं नाही. गुडघा आधीच दुखावलेला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे तज्ज्ञाचं ऐकावं.

‘गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये’ हाही असाच अर्धवट सल्ला. २००३ च्या एका छोट्या अभ्यासात गुडघ्यापुढे फळी लावून पाहिलं. गुडघ्यावरचा पीळ सुमारे १५० वरून ११७ न्यूटन-मीटरवर आला, पण जांघेच्या सांध्यावरचा २८ वरून ३०३ वर गेला. गुडघ्याचा भार कंबरेकडे ढकलला गेला, एवढंच. टाच जमिनीवर घट्ट असेल आणि गुडघा पायाच्या दिशेनेच जात असेल, तर तो थोडा पुढे गेल्याने बिघडत नाही. धावायचे मऊ बूट मात्र टाळा. जड वजनाखाली त्यांचा तळ दबतो आणि पाय डगमगतो.

मग इजा होतात किती?

तोपर्यंतच्या अभ्यासांचा आढावा २०१७ मध्ये घेतला गेला, त्यात पॉवरलिफ्टिंगमध्ये सरावाच्या दर १००० तासांमागे १ ते ४.४ इजा असा आकडा आला. धडकाधडकीच्या मैदानी खेळांपुढे हा कमी आहे. पण ‘म्हणजे काळजीच नको’ असंही नाही. २०१८ मध्ये स्वीडनच्या १०४ लिफ्टरांना विचारलं, तेव्हा ७० टक्क्यांना त्या वेळी कुठली ना कुठली इजा होती आणि मागच्या वर्षभरात इजा झालेले ८७ टक्के होते. बहुतेकांचा सराव थांबला नव्हता. दुखणी मुख्यतः कंबरेच्या खालच्या भागात, जांघेत आणि खांद्यात.

या दुखण्यांचा स्वभाव वेगळा आहे. ती एका क्षणात येत नाहीत, आठवड्यांच्या हिशेबात साचतात: स्नायू सरावण्याआधीच वजन वाढवलं, झोप कमी पडली, स्पर्धा जवळ आली म्हणून दुखणं दाबलं. त्यांच्यावर उपाय बेल्ट नाही, सरावाची आखणी आहे. वयाचंही तसंच. महासंघाच्या स्पर्धांत चौदाव्या वर्षापासून प्रवेश मिळतो, आणि नीट देखरेखीखालच्या वजनाच्या व्यायामाने मुलांची उंची खुंटते याला पुरावा नाही. प्रश्न देखरेखीचाच आहे.

म्हणून मुलाचं किंवा मुलीचं नाव जिममध्ये घालायला जाल, तेव्हा फी विचारण्याआधी स्क्वॉटचा रॅक दाखवायला सांगा. सेफ्टी आहेत का, रोज लावल्या जातात का, जड वजनाला बाजूला कोण उभं राहतं, हे विचारा. उत्तर देताना प्रशिक्षक बेल्टकडे बोट दाखवू लागला, तर दुसरी जिम बघा.