मोबाईल नंबर बंद पडू देऊ नका

हल्ली गावात गेलो की खताआधी ओटीपीची विचारणा होते. आधारला जोडलेला नंबर केव्हाच बंद पडला, आता फार्मर आयडी कसा काढू? एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांना हा आयडी लागतो. पीएम-किसानची ई-केवायसी असो की सीसीआयला कापूस देण्यासाठी २०२५ मध्ये आलेले 'कपास किसान' अ‍ॅप असो, बहुतेक वेळा ओटीपी लागतो.

वऱ्हाडाला दूरसंचार नवा नाही. मुंबईचे कापसाचे भाव एकेकाळी इथल्या बाजारात तारेने येत. पुढे एसटीडीचे पिवळे बोर्ड लागले. रात्री दर उतरत, म्हणून लोक जेवणं आटोपून बूथवर रांग लावत. १९९५ मध्ये देशात मोबाईल सुरू झाला तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झाले, तेव्हा कुठे फोन वावरात पोचला. तार २०१३ मध्ये बंद झाली.

आता आपल्याकडे जिओ, एअरटेल, व्होडाफोन-आयडिया आणि सरकारी बीएसएनएल एवढेच उरले. दर कंपन्या ठरवतात, देखरेख 'ट्राय'ची. इनकमिंग फुकट म्हणता म्हणता व्हॅलिडिटीची अट आली. रिचार्ज संपले की काही दिवसांनी येणारा फोनही थांबतो. अन् खरा घोळ पुढेच आहे. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलेच नाही, तर कंपनी ते बंद करू शकते. त्यानंतर किमान ९० दिवसांनी तोच नंबर दुसऱ्याला मिळू शकतो. मग तुमच्या बँकेचा मेसेज जाईल कोणाकडे, विचार करा!

साधा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्या कास्तकाराला इंटरनेटचे महाग रिचार्ज लागत नाही. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलणे व एसएमएस असलेले पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले. दुकानदार आपणहून सांगेलच असे नाही, तुम्ही मागा.

रेंजचे म्हणाल, तर धारणी-चिखलदऱ्याकडे डोंगर आडवे येतात. सपाटीवरही गावात रेंज अन् वावरात नाही, असे होते. ई-पीक पाहणीचा फोटो तर वावरातूनच काढायचा असतो. म्हणून सिम घेण्याआधी शेजारच्या धुऱ्यावाल्याचा फोन कोणत्या कंपनीचा आहे अन् तिथे लागतो का, ते पाहा. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. त्यासाठी पोर्ट लिहून पुढे आपला नंबर टाका व १९०० वर एसएमएस करा.

तलाठी, ग्रामसेवक मंडळींनी ग्रामसभेत एवढे विचारावे : आधारला जोडलेला नंबर कोणाचा बंद आहे? सिम पुतण्याच्या नावावर तर नाही ना? आपल्या नावावर किती सिम आहेत ते 'संचार साथी'वर दिसते. आधारचा नंबर बदलायचा असेल, तर हे काम खरेदीची गर्दी सुरू होण्याआधी उरका.