छोटी तोटी, मोठी सोय

आपल्या बेटावर आज पुष्कळ घरांच्या अंगणात मोटार उभी असते. तिला धुणे-पुसणे आपण हौसेने करतो. परंतु इंजिनाचे तेल बदलावयाची वेळ आली की टाळाटाळ सुरू होते. हात काळे होतात, कपडे खराब होतात आणि थोडे तेल तरी जमिनीवर सांडतेच. हा त्रास कमी करणाऱ्या एका लहानशा साधनाची माहिती आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

इंजिनाच्या तळाशी तेलाचे चेंबर असते व त्याला ड्रेन प्लग नावाचा एक बोल्ट असतो. पाना लावून तो सोडविला की गरम तेलाची धार मनगटावर येते आणि पुष्कळदा प्लग हातून सुटून तेलाच्या घमेल्यात पडतो. शिवाय अनेक गाड्यांचे चेंबर ॲल्युमिनियमचे असते. हा धातू नरम, प्लग मात्र पोलादी. तो वाजवीपेक्षा जास्त आवळला की आटे खराब होतात. आम्हीही एकदा ही ठेच खाल्ली आहे. गॅरेजमध्ये कोणीतरी लांब पाना घेऊन प्लग जोराने आवळला होता. पुढच्या खेपेस तो ॲल्युमिनियमचा कीस घेऊनच बाहेर आला. नवे आटे पाडून घेताना तेलापेक्षा मजुरीच जास्त पडली.

यावर उपाय म्हणजे ड्रेन व्हाल्व्ह, आपल्या भाषेत तेलाची तोटी. प्लगच्या जागी ही तोटी एकदाच बसवावयाची. तिच्या पोटात आरपार भोक असलेली एक गोळी असते. बाहेरची दांडी पाव फेरा फिरविली की भोक वाटेसमोर येते व तेल वाहू लागते. उलट फिरविली की बंद. दांडी स्प्रिंगच्या जोराने खाचेत बसते, म्हणून ती उचलल्याशिवाय फिरत नाही. वर आणखी क्लिप लावली म्हणजे धक्क्याने उघडण्याची भीती उरत नाही. काही तोट्यांना पुढे नळी जोडता येते. मग तेल सरळ डब्यात!

ही कल्पना आमच्या बस आणि लॉरीवाल्या बांधवांना नवी नाही. एअर ब्रेकच्या टाकीतील पाणी आणि डिझेल फिल्टरखाली साचलेले पाणी ते अशाच तोटीने काढतात. पुष्कळ रेडिएटरांनाही खाली तोटी असते. ती मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडावी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल ठराविक उष्णतेवर मोजावे लागते, तेव्हा ते काम जाणकारावर सोपवावे.

तोटी घेताना आट्यांचे माप नीट पाहावे. टोयोटा व निस्सानच्या अनेक छोट्या गाड्यांत ते १२ मि.मी. व पिच १.२५ असते, होंडाच्या अनेक गाड्यांत १४ मि.मी. व पिच १.५. जुना प्लग सोबत नेणे उत्तम. तोटीबरोबर आलेला नवा वायसर लावावा, आधी हाताने फिरवावी आणि मग बेताने आवळावी. आटे आधीच गेले असतील तर प्रथम त्यांची दुरुस्ती करावी. तोटी काही त्यावरचे औषध नव्हे.

दोषही सांगितले पाहिजेत. तोटीचे भोक लहान, म्हणून तेल सावकाश निघते. इंजिन काही मिनिटे चालवून, बंद करून, तेल कोमट असताना काढावे. तोटी प्लगपेक्षा खाली लोंबते. रस्त्यावरचे उंचवटे आणि उसाच्या शेतातील दगडी वाटा ध्यानात घेऊन, गाडीच्या पोटाखाली पुरेशी जागा आहे का ते आधी पाहावे. फिल्टर बदलण्यासाठी खाली शिरावेच लागले, तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये, स्टँड लावावेत.

आता खरा मुद्दा. जुने तेल डब्यात आले, पुढे काय? कोणी ते गटारात ओततात, कोणी तणावर टाकतात. आपली जमीन ज्वालामुखीच्या खडकाची. तिच्यात मुरलेले पाणीच आपण विहिरी खोदून पुन्हा वर काढतो व पितो. आणि गटाराचे पाणी शेवटी लगूनमध्येच जाते. २५ जुलै २०२० रोजी प्वांत देस्नीच्या प्रवाळावर ‘वाकाशिओ’ जहाज आदळले आणि ६ ऑगस्टपासून त्यातील तेल समुद्रात पसरू लागले. सुमारे एक हजार टन तेल सांडले. तेव्हा माएबुरच्या किनाऱ्यावर लहानथोरांनी उसाचे पाचट कापडात भरून लांबलचक बांध शिवले. लगून वाचविण्यासाठी जे हात काळे झाले, त्याच हातांनी आपण गटारात तेल ओतावे काय?

छोट्या मोटारीतून एका वेळी तीन-चार लिटर जुने तेल निघते. ते झाकणाच्या डब्यात साठवावे, त्यात पाणी किंवा पेट्रोल मिसळू नये आणि जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला नेऊन द्यावे. तोटी आणि नळी यांमुळे ही सवय सोपी होते, हाच तिचा मोठा गुण आम्हाला वाटतो. अंगण स्वच्छ राहील, चेंबरचे आटे टिकतील आणि मुलाबाळांच्या वाट्याला निर्मळ पाणी येईल. एवढ्याशा तोटीकडून आणखी काय हवे?