कांद्याच्या भुकटींतील गंधकाचा शोध

जळगांव-धुळ्याकडील पांढरा कांदा चिरून, वाळवून, भुकटी होऊन परदेशीं जातो. जळगांवांत त्यासाठीं मोठा कारखानाच आहे. ही भुकटी घेणारा विचारतो, हिच्यांत सल्फाइट किती?

सल्फाइट हा गंधकाच्या धुरापासून होणारा क्षार. सुकविलेल्या फळांचा व भाज्यांचा रंग टिकावा म्हणून तो योजतात. बहुतेकांस तो बाधत नाहीं. पण दम्याच्या कांहीं रोग्यांचा श्वास त्यानें कोंडतो. म्हणून किलोमागें 10 मिलिग्रॅम वा अधिक सल्फाइट असल्यास तसें वेष्टनावर छापण्याचा दंडक भारतांतही आहे. हें प्रमाण म्हणजे लाखांत एक भाग!

एवढें अल्प मोजावयाचें कसें? मोनियर-विल्यम्स यांची जुनी रीत अशी: पदार्थ आम्लांत उकळावयाचा, निघणारा वायु हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पाण्यांत धरावयाचा, आणि तेथें बनलेलें गंधकाम्ल अल्कलीनें मोजावयाचें. रीत भरंवशाची खरी, परंतु कांद्यापुढें ती फसते. कांद्याचा उग्र वास ज्या गंधकयुक्त द्रव्यांमुळें येतो, त्यांच्यापासूनच उकळतांना तोच वायु निघतो. मग जींत कोणीं चिमूटभरही सल्फाइट घातलेलें नाहीं, ती भुकटीही दोषी ठरते. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचाच हा प्रकार. आणि माल परत आला, तर फटका शेवटीं शेतकऱ्यालाच.

येथें प्रतिदीप्ति उपयोगी पडते. कोयनेलचें पाणी उन्हांत धरलें असतां निळसर झांक दिसते. डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण शोषून तें दृश्य प्रकाश देतें. 1852 मध्यें स्टोक्सनें याचा उलगडा केला. आतां रसायनशास्त्रज्ञ असे रंगरेणु घडवितात, कीं जे एरवीं मंद असतात व सल्फाइट येऊन जडला कीं उजळतात. (कांहीं उलट विझतात, तेंही चालतें.) प्रकाश किती पालटला तें यंत्र मोजतें व ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांशीं ताडून आकडा मिळतो. उकळावें लागत नसल्यानें कांद्याचीं द्रव्यें फुटण्याचें भय पुष्कळ कमी. धुळे जिल्ह्यांत शिरपूरच्या आर. सी. पटेल औषधनिर्माण संस्थेंत कार्बनच्या अशाच प्रकाशणाऱ्या सूक्ष्म कणांवर संशोधन झालें आहे.

तरी सावधगिरी हवीच. द्रावण उघडें राहिल्यास हवेनें सल्फाइटचा सल्फेट होतो व आकडा घटतो. कांद्यांतील साखर त्याला धरून ठेवते. शिवाय कांद्याचीं स्वतःचीं गंधकद्रव्येंही एखाद्या रंगरेणूस भुलवितात. म्हणून त्याच अर्कांत मोजून सल्फाइट घालावें, तें पुरतें परत सांपडतें कीं नाहीं पाहावें, आणि शेजारीं सल्फाइट न लावलेल्या कांद्याचा अर्क तपासावा.