पट्टा उतरतो? आधी चाकं पाहा!

पोलक्याची शिवण अर्ध्यावर आलेली असते, पाय चालू असतात आणि मशीनचा पट्टा सटकन उतरतो! पायमशीन असलेल्या घरात हे नवं नाही. मग आपण काय करतो? पट्टा कापून आखूड करतो. चार दिवस बरे जातात. पुढे मशीन जड चालतं, पोटऱ्या भरून येतात आणि पट्टा उतरायचा तो उतरतोच. दुखणं एकीकडे नि औषध भलतीकडे!

वर्ध्याजवळच्या नालवाडीचं नाव सूतकताईशी जोडलेलं आहे. १९३२ मध्ये विनोबा भावे तिथे राहायला गेले आणि कताईच्या मजुरीवरच निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनी तिथे केला. पोटच सुतावर, तर चरख्याची माळ सारखी उतरून कसं भागेल? चातीला आधार देणारे चामड्याचे तुकडे झिजले की चाती कलते, चाकाच्या रेषेत राहत नाही आणि माळ निसटते. म्हणून माळ ताणण्याआधी चाती पाहायची. मशीनलाही हाच न्याय!

१. समोरून पाहा. खालच्या मोठ्या चाकापासून वरच्या चाकाच्या खाचेपर्यंत पट्टा सरळ जायला हवा. फळीच्या भोकाच्या कडेला तो घासत असेल, तर मशीन सरकलं आहे. मागच्या बिजागरीचे स्क्रू घट्ट करा.

२. खालचं चाक हातानं हलवून पाहा. ते डुगडुगत असेल तर कारागिराला दाखवा.

३. खाचेत साचलेला दोरा-मळ काढा. पट्ट्याला तेल लागलं असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा.

४. एवढं करूनही पट्टा सैल वाटला, तरच कापा. तोही थोडाथोडाच. बोटानं दाबल्यावर किंचित दबावा, पण तारेसारखा ताठ नको. सांध्याची तार वर आलेली असेल तर ठोकून बसवा.

सुताराच्या घासायच्या यंत्रावर खाच नसते, सॅंडपेपरचा सपाट पट्टा असतो. असा पट्टा एका कडेला पळू लागला तर रुळावरचा भुसा झाडायचा, पट्ट्याच्या आतला बाण फिरण्याच्या दिशेनं आहे ना ते पाहायचं आणि बाजूची कळ अगदी थोडी फिरवून पट्टा मधोमध आणायचा. इथेही रुळांची दिशा नीट करणं महत्त्वाचं, नुसता ताण वाढवून उपयोग नाही.

आणि एक सांगून ठेवते. फिरत्या चाकावर पट्टा हातानं चढवायला कधीच जाऊ नका. मशीन थांबवा, मोटर असेल तर पिन काढा, पदर खोचा, वेणी मागे टाका. पट्टा नवा मिळतो, बोट मिळत नाही!