इंजिन उशिरा का सुरू होते?

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. डिसेंबर-जानेवारीत तेथील पहाटेचे तापमान १५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. अशा गारव्यात टॅक्सी किंवा टेम्पोवर पोट असणाऱ्याची पहिली फेरी कधी कधी इंजिनापाशीच अडते. मग घाईघाईने नवी बॅटरी आणली जाते आणि दोष मात्र तसाच राहतो. ‘आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी’ म्हणतात ते यालाच! म्हणून खर्चाआधी निदान हवे.

प्रथम वाहन मोकळ्या हवेत, न्यूट्रलमध्ये उभे करावे आणि किल्ली फिरवून नीट ऐकावे. इंजिन रखडत फिरते, की नेहमीच्या वेगाने फिरूनही पेट घेत नाही? पुढील तपासणीची दिशा या एका प्रश्नाने ठरते.

इंजिन रखडत फिरत असेल, तर दोष बहुधा विजेच्या पुरवठ्यात असतो. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिनातील तेलही घट्ट होते. पूर्ण भारित बॅटरीचा दाब विश्रांतीच्या वेळी सुमारे १२.६ व्होल्ट असतो. किल्ली फिरवताना तो ९.६ व्होल्टच्या खाली गेल्यास बॅटरी अशक्त असल्याचा संशय घ्यावा. परंतु त्याआधी बॅटरीची टोके पाहावीत. त्यांवर साचलेला पांढरट-हिरवट थर वीजप्रवाह अडवतो. तो साफ करताना ऋण टोकाची तार आधी सोडवावी. बॅटरीजवळ ज्योत कधीही नेऊ नये, कारण तिच्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो.

इंजिन जोमाने फिरूनही पेटत नसेल, तर इंधन, हवा आणि ठिणगी यांचा विचार करावा. काही प्रयत्नांनंतर काढलेला स्पार्क प्लग पेट्रोलने ओला असेल, तर इंधन पोहोचते आहे, ठिणगी तपासावी. तो कोरडा असेल, तर इंधनाचा मार्ग तपासावा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते. तेथे ग्लो प्लग आणि इंधनाच्या नळीत शिरलेली हवा यांकडे लक्ष द्यावे. १९५१ साली स्थापन झालेल्या ‘मायको’ कंपनीने बंगळुरातच स्पार्क प्लग आणि डिझेल इंजिनांचे इंधनपंप बनवले; २००८ पासून ती ‘बॉश’ नावाने ओळखली जाते.

आधी ऐकावे, मग पाहावे, मग मोजावे आणि सर्वांत शेवटी बदलावे. हा क्रम पाळणाऱ्याचे पैसे वाचतात आणि कारागिराशी बोलतानाही तो नेमके प्रश्न विचारू शकतो.